कॅमशाफ्ट सेन्सरभोवतीची तेलगळती

चारचाकीच्या इंजिनातला कॅमशाफ्ट सेन्सर हा जेमतेम अंगठ्याएवढा भाग असतो. सिलिंडर हेडच्या टोकाला, टॅपेट कव्हरवर किंवा टायमिंग कव्हरमध्ये पाडलेल्या गोल छिद्रात तो बसवतात. त्याचे टोक आतल्या कॅमशाफ्टच्या अगदी जवळ, तेलाच्या तुषारांत असते. मागचा भाग बाहेर राहतो आणि त्याला वायरिंगचा कपलर जोडलेला असतो. आत गरम तेल, बाहेर कोरडी हवा आणि दोहोंच्या मध्ये रबराची एक ओ-रिंग, अशी ही रचना आहे. रिंग थकली की सेन्सरच्या बुडाशी आधी ओलसर डाग दिसतो. मग त्यावर धूळ बसून काळा चिकट थर तयार होतो आणि काही महिन्यांत तेल इंजिनाच्या अंगावरून खाली ओघळू लागते.

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा कॅमशाफ्टची एक फेरी पूर्ण होते. क्रँकशाफ्टवरचा सेन्सर पिस्टन कुठे आहे ते अचूक सांगतो. पण वर आलेला पिस्टन आतले मिश्रण दाबत आहे की जळालेला धूर बाहेर ढकलत आहे, हे त्याला ओळखता येत नाही. तो उलगडा कॅमशाफ्टकडूनच होतो. कॅमशाफ्टवर दात किंवा खाचा असलेली चकती असते. ती फिरताना सेन्सरसमोरचे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि त्या बदलाचा संकेत इंजिनाच्या संगणकाकडे, म्हणजे ईसीयूकडे जातो. कोणत्या सिलिंडरमध्ये केव्हा इंधन सोडायचे आणि केव्हा ठिणगी पाडायची, हे ईसीयू त्यावरून ठरवते. प्रीमियर पद्मिनी किंवा जुन्या ॲम्बॅसॅडरच्या पेट्रोल इंजिनात हा सेन्सर नव्हता. तिथे ठिणगीची वाटणी डिस्ट्रिब्युटर करत असे आणि त्याला फिरवण्याचे काम कॅमशाफ्टच करत असे.

सेन्सर मुख्यतः दोन प्रकारचे असतात. जुन्या पद्धतीच्या चुंबकीय सेन्सरला सहसा दोन वायरी असतात आणि तो स्वतःच वीज निर्माण करून संकेत देतो. हॉल परिणामावर चालणाऱ्या सेन्सरला तीन वायरी लागतात: एक पुरवठ्याची, एक अर्थिंगची, एक संकेताची. हा परिणाम एडविन हॉल या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १८७९ साली शोधला. आजच्या बहुतेक गाड्यांत याच प्रकारचे किंवा त्याच्या जवळचे सेन्सर असतात. व्हॉल्व्हच्या उघडझापीची वेळ गरजेनुसार पुढेमागे करणारी यंत्रणा, म्हणजे व्हीव्हीटी, आल्यावर प्रत्येक कॅमशाफ्टवर स्वतंत्र नजर ठेवणे भाग पडले. त्यामुळे दोन कॅमशाफ्टच्या इंजिनात दोन आणि व्ही-६ रचनेच्या इंजिनात चार सेन्सरही आढळतात. जितके सेन्सर तितकी छिद्रे आणि तितक्याच रिंगा. नव्या इंजिनांत गळतीच्या जागा वाढल्या त्या या कारणाने.

ओ-रिंग दिसायला क्षुल्लक असली तरी तिचे काम नेमके असते. नील्स ख्रिस्टेन्सन या डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या संशोधकाला १९३९ साली तिचे पेटंट मिळाले. तत्त्व सोपे आहे. गोल छेदाची रबरी रिंग खाचेत बसवायची आणि समोरच्या पृष्ठभागाने तिला थोडे दाबायचे. दाबलेले रबर मूळ आकाराकडे परतू पाहते आणि त्या धडपडीत दोन्ही बाजूंना घट्ट चिकटून राहते. सेन्सरसारख्या न हलणाऱ्या सांध्यात रिंगेची जाडी साधारण १५ ते ३० टक्क्यांनी दाबली जाते. म्हणजे तेल अडवते ती रिंगेची परत फुगण्याची ओढ, नुसते रबर नव्हे. उष्णतेने आणि वर्षानुवर्षांच्या दाबाने ती ओढच संपते. रिंग चपटी होते, कडक होते, नखाने दाबली तर दबत नाही आणि वाकवली तर तडकते. अशी रिंग जागेवर शाबूत दिसत असूनही तेल अडवू शकत नाही.

कोणते रबर किती उष्णता सोसते यावर रिंगेचे आयुष्य ठरते. साधे नायट्राइल रबर साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत दीर्घकाळ टिकते. त्याचाच सुधारित हायड्रोजनयुक्त प्रकार १५० अंशांच्या आसपास काम करतो, तर फ्लुओरोकार्बन रबर, ज्याला बाजारात व्हायटॉन म्हणून मागतात, ते २०० अंशांपर्यंत तग धरते. चालत्या इंजिनाचे तेल बहुधा ९० ते ११० अंशांवर असते. पण गाडी बंद केल्यावर पंखा आणि कूलंटचा प्रवाह थांबतो आणि हेडमध्ये साठलेली उष्णता काही वेळ तिथेच कोंडते. उन्हाळ्यातल्या विदर्भात किंवा मुंबईच्या थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत रोज वापरलेल्या गाडीच्या रिंगा लवकर कडक होतात, याचे कारण या कोंडलेल्या उष्णतेत आहे.

रिंग जुनी होणे हे सर्वांत नेहमीचे कारण असले तरी एकमेव नाही. सेन्सरच्या प्लॅस्टिकच्या अंगाला बारीक चीर गेलेली असते, आधीच्या दुरुस्तीत रिंग पिळली किंवा कापली गेलेली असते, बोल्ट सैल राहिलेला असतो. याहून महत्त्वाचे आणि वारंवार दुर्लक्षिले जाणारे कारण म्हणजे इंजिनाच्या पोटात वाढलेला दाब. पिस्टनच्या कडेने थोडे जळलेले वायू नेहमीच खाली निसटतात. ते पीसीव्ही व्हॉल्व्हमधून पुन्हा इनटेकमध्ये ओढले जातात. हा व्हॉल्व्ह किंवा त्याचा पाइप तेलाच्या गाळाने चोंदला, तर वायू कोंडतात आणि जिथे सांधा कमजोर असेल तिथून तेल बाहेर रेटतात. अशा इंजिनात सेन्सरला नवी रिंग घातली तरी काही दिवसांत तीच जागा पुन्हा ओली होते किंवा शेजारचा दुसरा सांधा गळू लागतो. पेट्रोल इंजिन मंद गतीवर चालू ठेवून तेल भरण्याच्या तोंडावर पातळ कागद ठेवला तर बहुतेक गाड्यांत तो हलकेच आत ओढला जातो. तो फडफडत बाहेर उडत असेल तर आधी पीसीव्ही तपासावा. डिपस्टिकवरच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त तेल भरलेले असणे हीदेखील अशीच टाळता येण्याजोगी चूक आहे.

गळती दोन वाटांनी होते आणि दोन्हींचा उपाय वेगळा आहे. पहिली वाट सेन्सर आणि छिद्र यांच्यामधली, म्हणजे रिंगेच्या बाजूने. तेल सेन्सरच्या बाहेरून ओघळते, कपलरचे आतले भाग कोरडे राहतात आणि रिंग बदलली की प्रश्न सुटतो. दुसरी वाट सेन्सरच्या आतून जाते. प्लॅस्टिक आणि धातूच्या पिना जिथे एकत्र येतात तिथली जोडणी सुटली की तेल पिनांच्या कडेने कपलरमध्ये उतरते. कपलर काढल्यावर आत तेलाचा ओलावा दिसला तर रिंग बदलून उपयोग नाही. सेन्सरच बदलावा लागतो.

या दुसऱ्या वाटेचे गाजलेले उदाहरण मर्सिडीज-बेंझच्या एम२७१ या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाचे आहे. २००० नंतरच्या दशकात सी-क्लास आणि ई-क्लासमध्ये ते बसवले जात होते आणि भारतात विकल्या गेलेल्या सी-क्लासमध्येही ते होते. या इंजिनात कॅमशाफ्टचे सेन्सर आणि व्हॉल्व्हची वेळ बदलणारे विद्युतचुंबक असे दोन्ही आहेत. त्या चुंबकांतून किंवा सेन्सरमधून तेल कपलरमध्ये शिरले की ते तिथेच थांबत नाही. तांब्याच्या बारीक तारांच्या जुडग्यामधल्या फटींतून, दिव्याच्या वातीतून चढावे तसे, ते वायरच्या आवरणाच्या आतल्या आत पुढे सरकत राहते आणि काही गाड्यांत थेट ईसीयूच्या कपलरपर्यंत आणि ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोहोचलेले आढळले आहे. अनेक ऑक्सिजन सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरच्या आतल्या फटींतूनच घेतात. तिथे तेल पोहोचले की त्यांचे मोजमाप बिघडते, आणि कारण शोधणारा मेकॅनिक सायलेन्सरकडे पाहत राहतो. यावर निघालेला उपाय साधा आणि हुशारीचा आहे: चुंबक आणि मूळ वायरिंग यांच्यामध्ये तेल अडवणारी एक छोटी जोडवायर बसवायची. पुढे कधी तेल झिरपलेच तर ते या जोडवायरपाशी अडते आणि स्वस्तातली तेवढी वायर बदलून महागडे वायरिंग वाचते. अशा इंजिनाची गाडी जुन्या बाजारातून घेताना हे कपलर उघडून पाहण्यात पाच मिनिटे जातात आणि मोठा खर्च टळतो.

सेन्सर बाहेर काढल्यावर त्याचे टोक तेलाने माखलेले दिसते आणि पुष्कळ ठिकाणी तेवढ्यावरून सेन्सर बाद ठरवला जातो. हे साफ चुकीचे आहे. टोक तेलातच असणे अपेक्षित आहे आणि इंजिन ऑइलने चुंबकीय क्षेत्र अडत नाही. टोकाला लोखंडी कीस चिकटलेला असेल तर मात्र संकेत बिघडू शकतो आणि तो कीस आला कुठून हा वेगळा, अधिक गंभीर प्रश्न उभा राहतो. कपलरमधल्या तेलाचेही तसेच. ताजे तेल विजेचे वाहक नसल्याने त्याने लगेच शॉर्ट होत नाही. पण त्यात धूळ आणि काजळी मिसळते, कपलरची रबरी सील फुगते, पिनांची पकड सैल होते आणि संकेत अधूनमधून तुटू लागतो. मग इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, गाडी उशिरा सुरू होते किंवा चालताना झटके देते. स्कॅनरवर पी ०३४० हा कोड सेन्सरच्या विद्युतमार्गातला दोष दाखवतो आणि पी ०३४१ संकेत अपेक्षेबाहेर असल्याचे सांगतो. पी ००१६ मात्र क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नसल्याचे दाखवतो. त्यामागे ताणलेली टायमिंग चेन किंवा अडकलेला व्हीव्हीटी भाग असू शकतो. सेन्सरपाशी तेल दिसले आणि दिवाही लागला, एवढ्यावरून दोन्हींचे कारण एकच आहे असे मानू नये.

दुरुस्तीतला खरा कौशल्याचा भाग गळतीचा उगम शोधण्यात आहे. तेल उतारावरून खाली येते आणि पंख्याच्या व चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे फेकले जाते. त्यामुळे सेन्सरजवळ दिसणारे तेल टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून, कॅमशाफ्टच्या ऑइल सीलमधून, तेल भरण्याच्या झाकणातून किंवा शेजारच्या व्हीव्हीटीच्या ऑइल कंट्रोल व्हॉल्व्हमधून आलेले असू शकते. या व्हॉल्व्हच्या सांध्यात तेल दाबाखाली असल्याने त्याची गळती वेगाने होते. सेन्सरपाशी बहुतेक इंजिनांत केवळ उडालेले तेल पोहोचते, म्हणून तिथली गळती संथ असते. उगम नेमका दिसावा यासाठी सेन्सरभोवतीचा भाग डीग्रीझर आणि ब्रशने आधी पूर्ण स्वच्छ व कोरडा करावा. सर्व्हिसिंग सेंटरवरचा जोरदार पाण्याचा फवारा कपलरवर मारू नये. तेलाऐवजी पाणी आत गेले तर नवेच दुखणे सुरू होते. स्वच्छ जागेवर साधी टाल्कम पावडर भुरभुरवून गाडी थोडी चालवली की पावडर प्रथम जिथे भिजते तो उगम. दुसरी पद्धत तेलात चमकणारा रंग मिसळून अतिनील टॉर्चने पाहण्याची आहे. उगम नेहमी ओल्या भागाच्या सर्वांत वरच्या आणि सर्वांत पुढच्या टोकाला शोधावा.

गळती थेंबभर असली तरी ती किती काळ खपवून घ्यावी हे तेल कुठे पडते त्यावर अवलंबून आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडणारे तेल जळून धूर आणि उग्र वास देते आणि आगीचा धोकाही निर्माण करते. अशी गाडी चालवत राहू नये. बोनेटखाली उघडा रबरी टायमिंग बेल्ट असेल तर तेलाने त्याचे रबर खराब होते, आणि तो तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. कूलंटचे रबरी पाइपही तेलाने फुगतात आणि मऊ पडतात. तेल फक्त ब्लॉकच्या बाजूने ओघळत असेल तर घाई नाही; डिपस्टिकवर नजर ठेवून पुढच्या सर्व्हिसिंगमध्ये काम करून घेतले तरी चालते.

प्रत्यक्ष काम इंजिन थंड झाल्यावर सुरू करावे. बॅटरीची ऋण तार काढावी आणि सेन्सरभोवतीची माती पुसून घ्यावी, नाहीतर सेन्सर निघताच ती छिद्रातून आत पडते. कपलरचा खटका दाबून तो सरळ ओढावा. उष्णतेने ठिसूळ झालेला खटका हमखास तुटतो, म्हणून इथे घाई नको. सेन्सर बहुधा एकाच एम-६ मापाच्या बोल्टने धरलेला असतो. बोल्ट काढल्यावर सेन्सर डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सुटा करावा आणि मग वर ओढावा. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटले तर प्लॅस्टिकचे अंग तुटून टोक आतच राहते आणि अर्ध्या तासाचे काम दिवसभराचे होते. सेन्सरखाली पातळ वॉशर असेल तर तो जपून ठेवावा, कारण सेन्सर आणि चकतीमधले अंतर त्यावर ठरते. हे अंतर बहुधा १ मिलिमीटरच्या आसपास असते. जुन्या रिंगेचा तुकडा छिद्रात राहिलेला नाही ना, हेही पाहावे. छिद्राची कड धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी. पॉलिश पेपर वापरू नये, कारण ॲल्युमिनियमवरचा ओरखडा तेलाला कायमची वाट करून देतो.

नवी रिंग निवडताना मापाइतकेच रबर महत्त्वाचे आहे. हार्डवेअरच्या दुकानातल्या डब्यात सगळ्या काळ्या रिंगा सारख्याच दिसतात, पण त्यातली एखादी ईपीडीएम रबराची असू शकते. हे रबर पाणी आणि ब्रेक ऑइलसाठी उत्तम, इंजिन ऑइलमध्ये मात्र फुगून निकामी होते. कंपनीच्या पार्ट नंबरची रिंग घेणे सर्वांत सुरक्षित; ती स्वतंत्र मिळत नसेल तर आतला व्यास व जाडी नीट मोजून फ्लुओरोकार्बन रबराची रिंग घ्यावी. काही कंपन्या रिंग सुटी विकतच नाहीत आणि तिथे सेन्सर बदलणे हाच मार्ग उरतो. त्यातही अगदी स्वस्त, नाव नसलेले सेन्सर टाळावेत. त्यांचा संकेत थोडा जरी पुढेमागे असला तर गळती थांबते, पण दिवा लागतो.

रिंगेला इंजिनाचेच ताजे तेल लावून ती पीळ न पडता खाचेत बसवावी. सेन्सर हाताने सरळ दाबून पूर्ण आत घालावा. बोल्टने ओढून बसवला तर रिंग कापली जाते. बोल्ट आधी बोटांनी फिरवावा आणि मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने कसावा. तो बहुधा ८ ते १० न्यूटन-मीटर असतो, म्हणजे मनगटाच्या हलक्या जोराइतकाच. जास्त ताकद लावल्याने गळती अधिक थांबत नाही, कारण तेल अडवणारी रिंग सेन्सरच्या अंगाभोवती असते आणि बोल्ट केवळ सेन्सरला जागेवर धरतो. ॲल्युमिनियमचे आटे मात्र जातात.

सिलिकॉन लावण्याची सवय इथे विशेष नुकसान करते. जुनी रिंग तशीच ठेवून तिच्यावर सिलिकॉनचा थर देणे हा गल्लोगल्लीच्या गॅरेजमधला रूढ इलाज आहे आणि तो काही आठवडे चालतोही. पण त्या थराने सेन्सर किंचित वर उचलला जातो आणि चकतीपासूनचे अंतर बदलते. आत दाबले गेलेले सिलिकॉन सुटून तेलात मिसळते आणि ऑइल पंपाच्या जाळीपर्यंत पोहोचते. जाळी चोंदून इंजिनाला तेल कमी पडले तर होणारे नुकसान रिंगेच्या किमतीच्या हजारो पटींनी मोठे असते. ज्या सांध्याची रचना ओ-रिंगेसाठी केली आहे तिथे सिलिकॉनला जागा नाही.

कपलरमध्ये तेल असेल तर तो कॉन्टॅक्ट क्लीनरने दोन-तीनदा धुऊन पूर्ण सुकवावा आणि फुगलेली सील बदलावी. पेट्रोल किंवा डिझेलने धुतल्यास रबर आणि प्लॅस्टिक दोन्ही बिघडतात. वायरच्या आत शिरलेले तेल मात्र एका धुण्यात निघत नाही. ते पुढचे अनेक दिवस थोडे थोडे बाहेर येत राहते, म्हणून काही आठवड्यांनी कपलर पुन्हा उघडून पाहावा लागतो. काम संपल्यावर इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवावे, जागा टॉर्चने तपासावी, कोड पुसून गाडी फिरवून आणावी आणि दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पुन्हा बोट फिरवून पाहावे.

जुनी रिंग गाडीच्या मालकाने मेकॅनिककडून मागून घ्यावी. ती चपटी आणि कडक असेल तर निदान बरोबर होते. ती गोल आणि मऊ असेल आणि सेन्सरचे अंगही धड असेल, तर तेल बहुधा दुसरीकडून येत आहे आणि शोध टॅपेट कव्हरच्या पॅकिंगपासून पुन्हा सुरू करावा लागेल.